काळ्या वाळूची पारख

तांदूळ पाखडून झाले, चाळून झाले, तरी घरातील वडीलधारी स्त्री ते तसेच शिजत टाकत नाही. परातीत पसरून ती ते एकदा निवडते. फोल वाऱ्याने जाते, कणी चाळणीतून पडते. पण तांदळाच्याच आकाराचा पांढरा खडा ना सुपाला कळतो ना चाळणीला. तो हेरण्यासाठी वेगळाच गुण ओळखणारी नजर लागते. केरळात कोल्लम जिल्ह्यातील चवरा, तमिळनाडूत कन्याकुमारी जिल्ह्यातील मनवलकुरिची आणि ओडिशात गंजम जिल्ह्यातील छत्रपूर येथे समुद्रकाठच्या काळसर वाळूसमोर नेमका हाच प्रश्न दररोज, टनांच्या हिशेबात उभा राहतो. तेथे नजरेचे काम करते ती स्थिर विद्युत. थंडीत लोकरीचा स्वेटर काढताना जी तडतडते आणि केसांवर घासलेल्या कंगव्याने शाळकरी मुलाकडून कागदाचे कपटे उचलवते, तीच ही शक्ती.

राष्ट्राच्या संरक्षणाची, अणुऊर्जेची, विजेवर धावणाऱ्या वाहनांची चर्चा सुरू झाली की क्षेपणास्त्रे, अणुभट्ट्या आणि कारखाने डोळ्यांपुढे येतात. वाळूचा कण कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. वस्तुतः या तिन्ही गोष्टींचा एक मोठा धागा त्या कणापाशी सुरू होतो, आणि तो कण शेजारच्या कणापासून वेगळा करता आला नाही तर पुढचे सारे खुंटते.

या शक्तीची ओळख मानवाला जुनी आहे. अंबर नावाच्या राळेच्या खड्याला आपल्याकडे तृणमणी म्हणत. घासला असता तो गवताची काडी ओढून घेतो, हे त्या नावातच आले. वैशेषिक सूत्रांत चुंबकाकडे सरकणाऱ्या सुईचा उल्लेख आहे आणि तिच्या गतीचे कारण ‘अदृष्ट’ असे दिले आहे. कारण आहे, पण ते दिसत नाही, एवढे प्रांजळपणे सांगून सूत्रकार थांबले. त्यांच्यापुढचे पाऊल टाकणे हे नंतरच्या पिढ्यांचे काम होते. ‘आमच्या ग्रंथांत सारे होतेच’ असे सभेत सांगून टाळ्या मिळतात. झिरकॉनपासून रुटाइल वेगळे होत नाही.

ही दोन नावे सामान्य वाचकाला अपरिचित वाटतील, म्हणून या वाळूत काय काय असते ते आधी पाहिले पाहिजे. दक्षिण भारतातील अतिप्राचीन रूपांतरित खडक लाखो वर्षे ऊनपावसात झिजले. त्यांचा चुरा नद्यांनी समुद्रात नेला आणि लाटांनी तो परत किनाऱ्यावर आणून टाकला. लाटेने येताना सर्व कण आणले, परतताना हलकी पांढरी वाळू सोबत नेली आणि जड कण मागे ठेवले. समुद्र हे पाखडण्याचे काम अव्याहत करीत आला आहे. मागे राहिलेल्या जड कणांत काळा इल्मेनाइट आणि तांबूस रुटाइल ही टायटॅनियमची खनिजे असतात, झिरकोनियम देणारा झिरकॉन असतो, आपण ज्याला तामडा म्हणतो ते गार्नेट असते, सिलिमनाइट असते, आणि थोड्या प्रमाणात पिवळसर मोनाझाइट असते. या शेवटच्या खनिजात थोरियम आहे आणि दुर्मिळ मृदा या नावाने ओळखली जाणारी मूलद्रव्येही आहेत.

वाळू उपसल्यावर ती पाण्यासोबत मळसूत्री पन्हळींतून सोडतात. साध्या वाळूची घनता पाण्याच्या २.६५ पट, इल्मेनाइटची सुमारे ४.७ पट, त्यामुळे हलके बाहेर फेकले जाते, जड आत राहते. येथवर काम सोपे. अडचण पुढे आहे. झिरकॉनची घनताही जवळजवळ इल्मेनाइटइतकीच आहे. पाणी त्यांच्यात भेद करू शकत नाही. मग चुंबक वापरावा, तर तो इल्मेनाइट उचलतो, पण रुटाइल आणि झिरकॉन दोघेही त्याला दाद देत नाहीत. दोघांचे कण सारख्याच आकाराचे, घनतेतही फार अंतर नाही, चुंबकाला दोन्ही परके. आता उरला एकच भेद: रुटाइल वीज वाहू देते, झिरकॉन वाहू देत नाही.

या एका भेदावर यंत्र उभे आहे. रचना पाहिली तर आश्चर्य वाटावे इतकी साधी. धातूचे एक लाटणे फिरत असते आणि त्याची तार जमिनीत गाडलेली असते. वरच्या नरसाळ्यातून तापवलेली, कोरडी ठणठणीत वाळू एका पातळ थराने लाटण्यावर पडते. समोर काही अंतरावर एक बारीक तार ताणलेली असते आणि तिच्यात २० ते ४० हजार व्होल्टचा दाब असतो. तारेभोवतीची हवा विद्युतभारित होते, अंधारात पाहिले तर निळसर आभा दिसते, आणि तारेखालून जाणाऱ्या प्रत्येक कणावर विद्युतभाराचा वर्षाव होतो. कण वाहक असो वा अवाहक, भार सर्वांना सारखाच मिळतो. फरक पडतो तो पुढच्या क्षणी. इल्मेनाइट किंवा रुटाइलचा कण मिळालेला भार लाटण्याला देऊन मोकळा होतो आणि फिरण्याच्या वेगाने पुढे फेकला जातो. झिरकॉनचा, मोनाझाइटचा, तामड्याचा कण भार सोडत नाही. त्या भारानेच तो लाटण्याला चिकटून बसतो, अर्धा फेरा मारून मागच्या बाजूस येतो आणि तेथे एक ब्रश त्याला खरवडून काढतो. पुढे पडलेले एका खणात, मागे पडलेले दुसऱ्या खणात. मध्ये जे पडते ते ना इकडचे ना तिकडचे. ते पुन्हा वर चढवून नव्याने सोडावे लागते. एका फेऱ्यात काम कधीच होत नाही. वाहक गटातून चुंबकाने इल्मेनाइट उचलला की रुटाइल उरते. अवाहक गटात तामडा आणि मोनाझाइट यांना प्रबळ चुंबक ओढून घेतो. झिरकॉन आणि सिलिमनाइट यांची फारकत पुन्हा पाण्याच्या आधाराने होते.

कागदावर हे जितके सरळ, तितके यंत्रघरात नाही. या यंत्राचा शत्रू आहे दमटपणा. कणावर ओलाव्याचा अदृश्य पापुद्रा बसला की अवाहक झिरकॉनही वाहकासारखा वागू लागतो आणि सारी निवड बिघडते. समुद्राच्या मिठाचा थरही हेच करतो. म्हणून वाळू गोड्या पाण्याने घासून धुवावी लागते, भट्टीत शंभर अंशांच्या वर तापवावी लागते आणि गरम असतानाच यंत्रावर सोडावी लागते. केरळच्या जून-जुलैत हे काय प्रकरण असेल याची कल्पना कोकणातील वाचक सहज करू शकतील. ज्या दिवसांत पापड मऊ पडतात आणि काडेपेटी पेटत नाही, त्या दिवसांत वाळूचा कणन्‌कण कोरडा ठेवायचा! ही कामे करणारे कामगार आणि तंत्रज्ञ वृत्तपत्रांत कधी झळकत नाहीत.

दुसरी अडचण अधिक मूलभूत. कण जसजसा बारीक होतो तसतशी ही विद्या दुबळी पडते. व्यास निम्मा झाला की पृष्ठभाग एक चतुर्थांश होतो आणि वजन एक अष्टमांश. विद्युतभार पृष्ठभागावर बसतो, कणाला पुढे फेकण्याचे काम वजन करते. त्यामुळे अतिसूक्ष्म कण वाहक असला तरी त्याला फेकणारे बळच उरत नाही; तो हवेत भरकटतो, मोठ्या कणांना धुळीसारखा चिकटतो, त्यांचाही गुण झाकतो. मिलिमीटरच्या दशांशाखाली उतरले की साधे लाटण्याचे यंत्र अडखळू लागते. या सूक्ष्म कणांसाठी कंगव्याचीच युक्ती वापरतात. दोन भिन्न खनिजे एकमेकांवर घासली असता एक ऋणभारित होते, दुसरे धनभारित. मग ती दोन विरुद्ध विद्युत पट्ट्यांमधून खाली सोडली की एक डावीकडे झुकते, दुसरे उजवीकडे. जर्मनीतील हेसे प्रांतात पोटॅशच्या खाणींतून निघणारी क्षारखनिजे या पद्धतीने कोरडीच वेगळी केली जातात. पूर्वी हे काम पाण्यात विरघळवून होत असे आणि खारट सांडपाणी वेरा नदीत जात असे. कोरड्या पद्धतीने त्या सांडपाण्याचे प्रमाण घटले. जेथे उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, त्या देशाने खनिज धुण्यासाठी पाणी न मागणाऱ्या या विद्येकडे अधिक आस्थेने पाहायला हवे. अमेरिकेत १९९० च्या दशकापासून औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेतील न जळलेला कोळसा याच मार्गाने काढून ती राख सिमेंटसाठी योग्य केली जाते. भुवनेश्वरच्या खनिज व पदार्थ तंत्रज्ञान संस्थेसारख्या सरकारी प्रयोगशाळांत सूक्ष्म खनिजांवर काम होते. प्रयोगशाळेतून ते कारखान्यापर्यंत किती पोहोचते, हा प्रश्न मात्र विचारला गेला पाहिजे.

या वाळूचा इतिहासही वाचण्यासारखा आहे. १९०९ मध्ये शॉमबर्ग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला त्रावणकोरातून गेलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट सापडले. त्या काळी युरोपच्या गॅसबत्त्यांच्या जाळीला थोरियम लागे. काथ्या वळणारे हात आपले, समुद्र आपला, वाळू आपली. पण तिचे मोल प्रथम परक्याला कळले. मग मनवलकुरिचीला उद्योग उभा राहिला आणि माल बाहेर जाऊ लागला. पुढे अणुशक्तीचे युग आले तेव्हा याच वाळूने एक राजकीय पेच निर्माण केला. जून १९४७ मध्ये त्रावणकोरचे दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांनी संस्थान स्वतंत्र राहील अशी घोषणा केली. त्या आत्मविश्वासामागे थोरियमचाही वाटा होता आणि ब्रिटिशांनाही या खनिजात रस होता. जुलैअखेर महाराजांनी भारतात सामील होण्यास मान्यता दिली आणि ते संकट टळले. संस्थानांच्या विलीनीकरणाच्या इतिहासात हैदराबाद, जुनागढ, काश्मीर यांची नावे येतात. त्रावणकोरच्या वाळूचे नाव क्वचितच येते.

१८ ऑगस्ट १९५० रोजी ‘इंडियन रेअर अर्थ्‌स’ ही कंपनी स्थापन झाली. केरळातील अलुवा येथे मोनाझाइटवर रासायनिक प्रक्रिया करणारा कारखाना १९५२ मध्ये सुरू झाला. १९६३ मध्ये कंपनी पूर्णतः केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आली. तिचे मुख्यालय मुंबईत आहे. डॉ. होमी भाभा यांनी अणुऊर्जेचा त्रिस्तरीय कार्यक्रम आखला तो याच थोरियमवर दृष्टी ठेवून. ज्या काळात जगाला दुर्मिळ मृदा लागत, त्या काळात त्या प्रामुख्याने भारत आणि ब्राझील यांच्या किनाऱ्यांवरून जात. म्हणजे या शर्यतीत भारत मागून धावत आलेला नाही. तो प्रारंभरेषेवर सर्वांच्या पुढे उभा होता.

मग झाले काय? चीनने आपल्या अंतर्मंगोलियातील बायन ओबोच्या लोहखाणीतून मिळणाऱ्या दुर्मिळ मृदांवर चिकाटीने काम केले. मध्यपूर्वेकडे जसे तेल तसे आमच्याकडे हे द्रव्य, अशा आशयाचे डेंग शियाओपिंग १९९२ मध्ये बोलले, आणि बोलून थांबले नाहीत. खाण, विलगीकरण, धातू, मिश्रधातू, चुंबक अशी संपूर्ण साखळी त्यांनी एका देशात उभी केली आणि जगाला स्वस्तात विकली. स्वस्ताईपुढे कॅलिफोर्नियातील माउंटन पासची खाण २००२ मध्ये बंद पडली. भारतातही २००४ च्या सुमारास अलुवा येथील मोनाझाइटची प्रक्रिया परवडत नाही म्हणून थांबवण्यात आली. ‘बाहेर स्वस्त मिळते, मग घरी कशाला करायचे’ हा त्या काळचा मंत्र होता आणि तो म्हणणारे सर्व पक्षांत होते. सप्टेंबर २०१० मध्ये सेन्काकू बेटांच्या वादात चीनने जपानकडे जाणारा हा माल अडवला, तेव्हा जगाला पहिला धक्का बसला. छत्रपूरला त्यानंतर मोनाझाइट प्रक्रियेचा नवा कारखाना उभारण्यात आला. पण बारा-पंधरा वर्षांत जी गती हवी होती ती आली नाही.

४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सात दुर्मिळ मूलद्रव्यांवर आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यात परवान्याची अट घातली. दोन-तीन महिन्यांतच परिणाम पुण्यापर्यंत आला. बजाज ऑटोला जुलै २०२५ मध्ये विजेवर चालणाऱ्या स्कूटरचे उत्पादन कमी करावे लागले. मुठीत मावणारे चुंबक न मिळाल्याने कारखान्याचा पट्टा मंदावतो, हा परावलंबनाचा अर्थ चाकणच्या कामगाराला कोणत्याही भाषणावाचून कळला.

आकडे समोर ठेवले म्हणजे विसंगती अधिक बोचते. अणुखनिज संचालनालयाच्या अनुमानानुसार भारतात १ कोटी ३१ लाख ५० हजार टन मोनाझाइट असून त्यात ७२ लाख ३० हजार टन दुर्मिळ मृदांची ऑक्साइडे आहेत. आणि उत्पादन? अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये भारताचे सुमारे २,९०० टन, तर चीनचे सुमारे २ लाख ७० हजार टन. या तफावतीचे सारे खापर एका सरकारवर फोडणे सोपे आहे, खरे नाही. मोनाझाइटमध्ये थोरियम असल्याने ते नियंत्रणाखाली असणे अपरिहार्य आहे. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर खासगी उपशाचे जे प्रकार पुढे आले आणि ज्यामुळे २०१३ मध्ये तेथे बंदी घालावी लागली, ते पाहता नियंत्रण सैल करा असे कोणी म्हणू नये. पण नियंत्रण म्हणजे स्वतःही न करणे नव्हे.

आणखी एक कटू सत्य उत्साहाच्या भरात विसरले जाते. आपल्या मोनाझाइटमध्ये निओडिमियमसारखी हलकी दुर्मिळ मूलद्रव्ये आहेत. उष्णता सोसणाऱ्या चुंबकांना लागणारे डिस्प्रोसियम आणि टर्बियम त्यातून काढण्याजोगे मिळत नाहीत. म्हणजे सारी वाळू निवडली तरी काही गोष्टींसाठी इतर देशांशी मैत्री ठेवावीच लागेल.

तथापि जे हाती आहे त्याचे सोने करता येते, याचे उदाहरण चवऱ्यातच आहे. केरळ सरकारच्या कंपनीच्या आवारात, हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने विकसित केलेल्या तंत्राने आणि विक्रम साराभाई अवकाश केंद्राच्या निधीतून, २०११ मध्ये टायटॅनियम स्पंजचा कारखाना सुरू झाला. किनाऱ्यावरच्या काळ्या कणापासून अवकाशयानाच्या धातूपर्यंतचा प्रवास तेथे एकाच गावात होतो. झिरकॉनचेही तसेच: त्यातील झिरकोनियमच्या नळ्यांत आपल्या अणुभट्ट्यांचे इंधन भरले जाते आणि त्या नळ्या हैदराबादला बनतात. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२५ मध्ये वर्षाला ६,००० टन दुर्मिळ मृदा चुंबकांसाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली आहे. ती स्वागतार्ह आहेच. पण चुंबकाचा कारखाना दोन-तीन वर्षांत उभा राहतो. त्याला पुरेल एवढी वाळू उपसून, धुऊन, तापवून, निवडून देणारी व्यवस्था उभी करायला त्याहून अधिक काळ लागतो, आणि तिच्याविषयी घोषणांत फारसे काही येत नाही.

त्या वाळूवर माणसे राहतात. कोल्लम जिल्ह्यातील आलप्पाड हे समुद्र आणि कालवा यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवरचे मच्छीमारांचे गाव. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीचा तडाखा त्याने सोसला. उपशामुळे किनारा खचतो आहे, अशी तेथील लोकांची तक्रार असून नोव्हेंबर २०१८ पासून त्यांनी दीर्घकाळ आंदोलन केले. त्यांना विकासविरोधी ठरवून मोकळे होणे हे शहरात बसून फार सोपे असते. राष्ट्रहितासाठी त्याग करावा लागतो हे खरे. परंतु तो नेहमी त्याच कोळ्याने का करावा? लाटांनी भरून निघेल तेवढाच उपसा, निवडून उरलेली पांढरी वाळू त्याच खड्ड्यांत परत आणि गावाला हिशेब, एवढे पाळणे कोणत्याही कंपनीला अशक्य नाही. या किनाऱ्याच्या नैसर्गिक किरणोत्साराविषयीही बरेच भय पसरवले जाते. तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक कर्करोग केंद्राने करुनागप्पळ्ळी तालुक्यातील लोकसंख्येचा दीर्घकाळ अभ्यास केला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत त्यामुळे कर्करोग वाढल्याचे आढळले नाही. ही माहिती गावकऱ्यांना त्यांच्या भाषेत किती जणांनी सांगितली असेल?

हा विषय महाराष्ट्रापासून दूरचा नाही. रत्नागिरीत एका बाजूस पांढरा समुद्र आणि दुसऱ्या बाजूस काळा समुद्र, अशी नावेच लोकांनी वाळूच्या रंगावरून ठेवली आहेत. मांडवीची काळी वाळू सह्याद्रीच्या बेसाल्टची लेक आहे. तिच्यात इल्मेनाइट आहे, पण मॅग्नेटाइटशी गुंतलेला. आणि बेसाल्टमध्ये मोनाझाइट नसल्याने देशाच्या मोनाझाइट साठ्याच्या यादीत महाराष्ट्राचे नाव असले तरी वाटा नगण्य आहे. त्यामुळे कोकणच्या वाळूत थोरियमचे घबाड आहे अशा बातम्यांवर कोणी विश्वास ठेवू नये, आणि उद्या इल्मेनाइटसाठी कोणी उपशाचा प्रस्ताव आणलाच, तर तो चवरा-छत्रपूरच्या तराजूत तोलू नये. तेथे किती कण आहेत, ते कोणत्या यंत्राने वेगळे होतील, मागे काय उरेल आणि माशांच्या जाळ्यांचे काय होईल, याची मोजणी सरकारने आधी करावी आणि तिचे आकडे परवान्याच्या कागदांआधी किनाऱ्यावरच्या ग्रामसभांपुढे मराठीतून ठेवावेत.